माझ्या आईचा निकाल तुम्ही लावू नका: पाळक साहेब आणि पंच कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळक साहेब आणि पंच कमिटीचे सर्व सभासद,

जय ख्रिस्त.

माझी आई बाप्तिस्मा न घेता गेली म्हणून ती नरकात आहे असा निकाल आमच्याच घरात सांगितला गेला, त्याबद्दल हे पत्र. ते आधी बंद पाकिटात दिलं होतं, सेक्रेटरी साहेबांच्या हातात, फेब्रुवारी महिन्यात. पोच मिळाली नाही. दोनदा फोन केला तर "मिटिंगमध्ये विषय घेऊ", आणि तिसऱ्यांदा केला तर "तुम्ही आता विषय वाढवू नका". म्हणून उघड लिहितोय. मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एक तर मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि दुसरं, नाव टाकलं की बाकीच्या मंडळ्या म्हणणार हा त्यांच्या घरातला वाद आहे. तो तेवढाच नाहीये. ज्या घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू, किंवा आईबाप माळकरी आणि पोराने बाप्तिस्मा घेतलेला, अशा प्रत्येक घराचा आहे, आणि आपल्या नगर जिल्ह्यात अशी घरं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

आईबद्दल थोडं सांगतो कारण कमिटीत आता निम्मे लोक नवीन आहेत. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आई शेजारच्या गावची, वारकरी घरातली. १९७४ ला लग्न झालं ते रजिस्टर, दोन्हीकडचे रुसलेले. आईने बाप्तिस्मा कधीच घेतला नाही पण पन्नास वर्षं दर रविवारी चर्चला, शेवटून तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. घरी पिठाच्या डब्याच्या वर विठोबाचा छोटा फोटो आणि बाहेरच्या खोलीत वडिलांचं वचनांचं कॅलेंडर, आणि त्यावरून दोघांचं भांडण झालेलं मी कधी बघितलं नाही, भांडणं व्हायची ती भाजीतल्या मिठावरून आणि माझ्या गणिताच्या मार्कांवरून.

प्रभूभोजनाचे (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच) ते अंगठ्याएवढे काचेचे पेले असतात ना, ते वीसेक वर्षं आईने धुतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी. ट्रे बाकावरून फिरत यायचा, आईसमोर आला की ती पदर सावरून मान खाली घालायची आणि ट्रे पुढे जायचा. उपासना संपली की तोच ट्रे तिच्याकडे. टर्किश टॉवेलचे तंतू लागतात म्हणून ती जुन्या मलमलच्या पातळाचा तुकडा घरून घेऊन जायची, एकेक पेला खिडकीकडे धरून बघायची आणि एखादा तंतू दिसला तर परत धुवायची. "देवाचं हाय ते, तोंडात केस आला तर कसं वाटंल कुणाला." ज्या पेल्यातून तिला कधी प्यायला मिळालं नाही त्याबद्दल ती हे म्हणायची. तेव्हा कुणाला अविश्वासणारीच्या हाताची अडचण नव्हती.

बाप्तिस्मा का घेत नाहीस हे मी तिला एकदाच विचारलं, २०११ ला वडील गेले त्यानंतर. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी तिकडं गेले आन माझी माय तिकडं नसली तर? ती येडी माझी वाट बघत बसंल. मला तिच्याकडंच जाऊ दे. तुझ्या बापाला म्हणलंय मी, देवाला सांगून अधनंमधनं भेटायला येत जा." आणि हसली. मीही हसलो. ह्या वाक्याकडे मी नंतर परत येणार आहे, कारण तुमच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा ते माझ्या डोक्यात जास्त बसलंय.

आता तक्रारी.

पहिली. २६ नोव्हेंबरला आई गेली. तिच्या इच्छेप्रमाणे अग्नी दिला. दहाव्या दिवशी आम्ही घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली, तुम्हाला बोलावलं, तुम्ही सोबत बाहेरून आलेल्या एका इव्हँजेलिस्ट (फिरत्या प्रचारक) बंधूंना घेऊन आलात आणि संदेश त्यांना द्यायला लावलात. सतरंजीवर समोर माझा मामा बसला होता, वय ८१, टोपी मांडीवर ठेवून. आणि त्या बंधूंनी सांगितलं की बहीण फार प्रेमळ होती असं मी ऐकतो, पण प्रेमळपणाने तारण, म्हणजे उद्धार, होत नाही, प्रभूला स्वीकारलं नाही त्याच्यासाठी मरणानंतर दार बंद आहे आणि ती आज कुठे आहे हे शास्त्र (बायबल) स्पष्ट सांगतं, तेव्हा इथे बसलेल्यांनी तरी उशीर करू नये. पाळक साहेब, तुम्ही शेजारी होतात. तुम्ही "आमेन" म्हणालात. मग त्या बंधूंनी घड्याळ बघितलं, कारण राहुरीला पुढचा कार्यक्रम होता, पोहे घेतले, आणि चहात साखर कमी टाका म्हणाले.

मामाला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागेपर्यंत काही बोलला नाही. पायरीवर पाय ठेवताना म्हणाला, "काय रं, तुमच्या देवाला आमची आक्का चालंना व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मी गेले चार महिने शोधतोय.

दुसरी तक्रार लहान पोरांच्या शिबिराची. मागच्या मे महिन्यात, म्हणजे आई जिवंत असताना, माझी मुलगी शिबिराला होती, आठ वर्षांची. शेवटच्या दिवशी तुम्ही हॉलचे पडदे लावून नरकाचा व्हिडिओ दाखवला, लाल लाइट, किंचाळ्या वगैरे, आणि एका ताईंनी पोरांना सांगितलं की मेणबत्तीवर दहा सेकंद बोट धरून बघा, धरवतं का? आणि आता विचार करा की हे कधीच संपणार नाही. तेव्हा ती घरी येऊन काही बोलली नाही. आई गेल्यानंतर, त्या प्रार्थनेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, लाइट गेले होते म्हणून मेणबत्ती लावली होती, मी आतून बाहेर आलो तर पोरगी ज्योतीवर बोट धरून बसलेली, ओठ दाबून, मनात आकडे मोजत. हात ओढला तर म्हणते, "मी बघत होते आजीला किती लागत असेल."

बोटाला फोड आली होती, चार दिवसांत गेली. ती अजून अंधारात एकटी झोपत नाही. आणि यंदाच्या शिबिराच्या पत्रकात परत तोच कार्यक्रम छापलाय, "अनंतकाळाची निवड", वयोगट ६ ते १२.

तिसरी, दगडाची. वडिलांच्या कबरीवरचा दगड आम्ही तेव्हाच मोठा घेतला होता, डाव्या अर्ध्यावर त्यांचं नाव, उजवी बाजू कोरी. आईनेच सांगितलं होतं, "माझं बी नाव टाका बाजूला, मी नसले तरी." अस्थी पुरायच्या नाहीत, विधी नको, फक्त नाव आणि दोन तारखा. सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं की कमिटीने ठरवलंय, ख्रिस्ती दफनभूमीत अविश्वासणाऱ्याचं नाव कोरता येणार नाही, चुकीची साक्ष जाते. हा निर्णय लेखी मागितला, तो आजपर्यंत मिळालेला नाही.

बाकी बारीकसारीक बरंच आहे पण ते सोडून देतो.

आता तुम्ही म्हणाल हा माणूस भावनेच्या भरात शास्त्र नाकारतोय. नाही हो. मी सेमिनरीत गेलेलो नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे, पण शब्बाथ शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं घेतलेला पोरगा आहे आणि ह्या चार महिन्यांत रात्री जागून जेवढं वाचता येईल तेवढं वाचलंय. नरक नाही असं मी म्हणत नाही. येशूने स्वतः त्याबद्दल सांगितलंय, किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही हे त्याचंच बोलणं आहे, ते मी पुसणार कसं. पण तो हे कुणाला सांगत होता ते जरा बघा.

आपल्या मराठी शास्त्रात जिथे जिथे येशूच्या तोंडी "नरक" आहे तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे गेहेन्ना, म्हणजे हिन्नोमचं खोरं, यरुशलेमच्या दक्षिणेला, नकाशावर दाखवता येईल अशी जागा. (प्रवचनात आपण कायम ऐकतो की तिथे शहराचा कचरा सतत जळायचा, पण ही गोष्ट साधारण १२०० सालच्या आसपासच्या एका यहुदी रब्बीच्या लिखाणात पहिल्यांदा येते, येशूच्या काळानंतर हजारेक वर्षांनी, तेव्हा तो कचरा डेपो आपण बाजूला ठेवू.) त्या खोऱ्यात पूर्वी काय चालायचं ते यिर्मयाच्या सातव्या अध्यायात आहे: लोक आपली मुलं मुली तिथे अग्नीत घालायचे, आणि देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. म्हणजे नरकाचं नावच मुळात त्या जागेवरून आलंय जिथे पोरं जाळली म्हणून देव संतापला. आणि आपण तेच नाव घेऊन सहा वर्षांच्या पोरांना मेणबत्तीवर बोट धरायला सांगतो! मला हे वाचलं त्या रात्री झोप आली नाही.

गेहेन्ना हा शब्द नव्या करारात बारा वेळा येतो. अकरा वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात, आणि तिथे तो जिभेबद्दल आहे, जीभ कशी आग लावते त्याबद्दल (हे आपण सगळ्यांनीच वाचावं, मीसुद्धा). प्रेषित पौल हा शब्द एकदाही वापरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राची पौलाची परराष्ट्रीयांसमोर, म्हणजे यहुदी नसलेल्यांसमोर, केलेली एवढी भाषणं आहेत, अथेन्सला तर मूर्तीच मूर्ती होत्या, तिथेही पौल ह्या शब्दाने कुणाला घाबरवत नाही. येशू हा शब्द सर्वात कडक वापरतो तो शास्त्री आणि परूश्यांसाठी, म्हणजे त्या काळच्या पंच कमिटीसाठी. चिडू नका, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २३ वा अध्याय काढून बघा.

आणि श्रीमंत माणूस आणि लाजर. लूक १६. ज्वालेत पडलेला तो श्रीमंत माणूस वरती काय हाक मारतो? "हे बापा अब्राहामा." म्हणजे तो परका नव्हता, आपल्याच समाजातला, देवळात येणारा, बापजाद्यांपासून विश्वासात असलेला. त्याचा गुन्हा एवढाच सांगितलाय की दाराशी भुकेला लाजर पडला होता आणि हा रोज मेजवान्या करत होता. मत्तय २५ मध्येही तेच, मेंढरं आणि शेरडं वेगळी करताना राजा विचारतो, मी भुकेला होतो तेव्हा खायला दिलं का, आजारी होतो तेव्हा समाचाराला आलात का. तिथे उजवीकडचे लोकच चकित होतात, प्रभू, आम्ही तुला कधी बघितलं? त्यांना माहीतच नव्हतं. पाळक साहेब, तुमच्या आधीचे जे पाळक होते त्यांच्या मिसेसचं बाळंतपण अडलं तेव्हा सिव्हिलमध्ये पाच रात्री कोण बसलं होतं ते जुन्या लोकांना विचारा.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत. योहान १४:६, मार्ग सत्य जीवन मीच आहे. प्रेषितांची कृत्ये ४:१२, दुसऱ्या कुठल्या नावाने तारण नाही. मानतो मी हे, आमेन. पण तारण त्याच्याकडून होतं एवढं म्हणणं वेगळं आणि तो कुणाकुणाला हात देऊन वर ओढतो त्याची यादी आपल्या ऑफिसच्या कपाटात आहे असं म्हणणं वेगळं. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचा बाप्तिस्मा कुठे झाला होता? त्याचं नाव कुठल्या मंडळीच्या रजिस्टरला होतं? "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." हे येशू म्हणाला, आणि शेजारी कुणी पंच असता तर त्याने हरकत घेतली असती.

आणि दर रविवारी उभं राहून आपण विश्वासांगीकार म्हणतो त्यात एक ओळ आहे, "अधोलोकात उतरला". पन्नास वेळा वर्षाला म्हणतो. कशाला उतरला होता तो तिथे? पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय, बंदीत असलेल्या आत्म्यांना त्याने घोषणा केली, आणि पुढच्याच अध्यायात, मेलेल्यांनाही सुवार्ता सांगण्यात आली. ह्याचा नेमका अर्थ काय ह्यावर विद्वानांचं आजपर्यंत एकमत नाही, मी काय सांगणार. पण ज्या दाराबद्दल ते बंधू म्हणाले की बंद आहे, त्या दारातून आपला प्रभू आत जाऊन आलाय एवढं तर आपण सगळे एका आवाजात म्हणतो ना.

मंडळीच्या इतिहासातही हा प्रश्न मिटलेला नाही, आणि हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं सगळं पहिल्यापासून ठरलेलं आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा मोठा शिक्षक होता, त्याला वाटायचं शेवटी देव सगळ्यांनाच परत जोडून घेईल. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला पाखंडी ठरवलं, पण निसाचा ग्रेगरी जवळजवळ तेच म्हणत होता आणि तो आजही संत आहे. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेत रोमच्या चर्चने लेखी ठरवलं की मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, मरायच्या आधी चर्चमध्ये आले नाहीत तर सगळे सार्वकालिक अग्नीत. आणि त्याच चर्चने नोव्हेंबर १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात त्यांचंही तारण होऊ शकतं. पाचशे बावीस वर्षं लागली, पण सरकले. पोप फ्रान्सिस तर जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर म्हणाले की नरक रिकामा असावा अशी मला आशा आहे, हे माझं मत, सिद्धांत नव्हे.

ते कॅथोलिकांचं झालं म्हणाल. बरं, इंग्लंडचे प्रोटेस्टंट पाळक आणि लेखक जॉन स्टॉट घ्या. पाळक साहेब, तुमच्या टेबलामागच्या कपाटात त्यांची पुस्तकं मी बघितलीयेत. १९८८ साली त्यांनी लिहिलं की अनंतकाळ जाणिवेसकट यातना ही कल्पना भावनेने मला असह्य वाटते, पण भावनेवर ठरवता येणार नाही, शास्त्र काय म्हणतं ते बघितलं पाहिजे, आणि शास्त्र बघून ते इथवर आले की दुष्टांचा शेवटी नाशच होतो, कायमचा छळ नव्हे, ही शक्यता आपण मान्य करायला हवी. आणि हेही ते ठामपणे बोलले नाहीत, चाचपडत बोलले. एवढा मोठा माणूस चाचपडतो आणि आमच्या सतरंजीवर मात्र दहा मिनिटांत निकाल.

आता आईच्या त्या वाक्याकडे येतो.

आजच्या नेदरलँड्सकडे फ्रिसिया म्हणून भाग होता, तिथे रॅडबोड नावाचा राजा, तो ७१९ साली वारला. त्याच्याबद्दल एक दंतकथा आहे, खरी असेलच असं नाही. बाप्तिस्म्यासाठी त्याने एक पाय पाण्यात ठेवला आणि बिशपला विचारलं, माझे वाडवडील कुठे आहेत? बिशप म्हणाला, नरकात. राजाने पाय बाहेर काढला. म्हणाला, मग मी माझ्या माणसांत जातो, तुमच्या चार लोकांबरोबर स्वर्गात बसून काय करू. माझ्या आईला रॅडबोड माहीत असण्याचं कारण नाही. तिची शाळा चौथी. पण दोघं एकच बोलले बघा.

म्हणून तुमचा जो सगळ्यात जड मुद्दा आहे, की तिने पन्नास वर्षं ऐकलं होतं, तिला "माहीत नव्हतं" असं म्हणता येणार नाही, तिने नाकारलं, त्यावर माझं म्हणणं ऐका. तिने काय ऐकलं होतं? तिने हे ऐकलं होतं की तिची माय जळतेय. त्या माणसाला तुम्ही म्हणताय की ख्रिस्ताला नाकारलं. तिने ख्रिस्ताला नाकारलं की आईला टाकून द्यायला नकार दिला, हे तुम्हाला कसं कळलं? मला तर तिच्या पोटी जन्मून कळलेलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मी तिला गोव्याला नेलं होतं, संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन होतं, दर दहा वर्षांनी असतं ते. आपण प्रोटेस्टंट, आपल्याला त्याचं काही नाही, पण आईला दर्शन म्हणलं की कुठलंही चालायचं. से कॅथेड्रलला रांगेत काही तास उभी राहिली, हात जोडले आणि बाहेर येऊन मला विचारते, "कोन म्हणायचे हे महाराज?" तेव्हा मलाही काही सांगता आलं नव्हतं. आता वाचलंय. फ्रान्सिस झेवियर १५४२ ला गोव्यात आला, १५४९ ला जपानला गेला, आणि तिकडून आल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून त्याने युरोपातल्या आपल्या बंधूंना एक लांब पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की बाप्तिस्मा घेतलेल्या जपानी लोकांना एकच दुःख खातंय. ते विचारतात, आमचे मेलेले आईबाप, बायका, पोरं, त्यांच्यासाठी काही करता येईल का, प्रार्थना, दानधर्म, काहीही? आणि मी त्यांना सांगतो की काहीच करता येत नाही. ते रडतात. आणि पुढे लिहितो की माझ्या ह्या जिवलग माणसांना रडताना बघून मलाही वाईट वाटतं, मला डोळ्यातलं पाणी आवरणं कठीण होतं.

झेवियर काही मवाळ माणूस नव्हता बरं का. गोव्यात इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) पाठवा असं १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिणारा तोच. त्याचं उत्तर मला पटत नाही, अजिबात नाही. पण तो माणूस जे सांगत होता ते त्याला खरं वाटत होतं, म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरी आलेल्या बंधूंच्या शब्दांप्रमाणे त्या क्षणी माझी आई आगीत होती, आणि त्यांनी चहात साखर कमी मागितली. एक तर त्यांना ते खरं वाटत नव्हतं, मग बोलले कशाला. किंवा खरं वाटत होतं आणि तरी पोहे गेले, मग त्या माणसाकडून मी तारण काय शिकू? येशूला तर माहीत होतं की तो लाजराला (दाराशी पडलेला तो नव्हे, येशूचा मेलेला मित्र) पाच मिनिटांत उठवणार आहे. तरी कबरेकडे जाताना "येशू रडला".

अजून एक हिशोब, कॅशियर आहे म्हणून. अमेरिकन मिशनचे लोक नगरला आले १८३१ साली. त्याच्या आधी आपल्या भागात जे जगले आणि मेले, दुष्काळात, पटकीत, बाळंतपणात, वेठबिगारीत, गावकुसाबाहेर, ते आपल्या सगळ्यांचे खापरपणजे. तुमचेही, पाळक साहेब. त्यांना गावच्या देवळात पाय ठेवू दिला नाही, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, आणि मेल्यावर आपण, त्यांचीच नातवंडं, सांगायचं की तिकडचंही दार बंद? पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी छळलेला माणूस, शेवटी दुष्काळात उपाशी गेले, बाप्तिस्मा न घेताच. त्यांच्याच मुलीने आपल्याला अख्खं शास्त्र मराठीत करून दिलं. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांबद्दल आपणच अभिमानाने सांगतो ना की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. मग पुलावरून आलेला स्वर्गात आणि पूल नरकात? मला हे कुणीतरी समजावून सांगा.

आमच्या पतसंस्थेत एक नियम आहे. दुसऱ्याच्या खात्यात किती शिल्लक आहे ते काउंटरवर मोठ्याने सांगायचं नाही. सांगितलं तर मेमो मिळतो, मग आकडा बरोबर असला तरी. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २० मध्ये, माणसांच्या कर्मांची पुस्तकं उघडली जातात ती देवाच्या राजासनासमोर, शेवटच्या दिवशी, आणि ती वाचणारा एकच आहे. ती आमच्या बाहेरच्या खोलीत, दहाव्या दिवशी, मामासमोर उघडायचा अधिकार त्या बंधूंना कुणी दिला?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कुठल्याही अंत्यविधीत किंवा स्मरणाच्या प्रार्थनेत, मेलेला माणूस ख्रिस्ती असो नसो, तो आता कुठे आहे ह्याचा निकाल कुणी सांगायचा नाही. बाहेरचा वक्ता आणला तर त्याला आधी हे सांगायचं. सुवार्ता सांगा, जरूर सांगा, ती जिवंतांना सांगा.

यंदाच्या शिबिरातून तो व्हिडिओ आणि मेणबत्तीचा प्रकार काढून टाकायचा. बारा वर्षांखालच्या पोरांना हा विषय शिकवायचाच असेल तर आईवडिलांना आधी कळवून, त्यांना समोर बसवून. तसं होणार नसेल तर माझी मुलगी येणार नाही, आणि अजून तीन घरांनी मला तसं सांगितलंय, त्यांची नावं तुम्हाला ते स्वतः सांगतील.

दगडाचा निर्णय मागे घ्या. नाहीच घ्यायचा तर कारणासकट लेखी द्या, अध्यक्षांच्या सहीने, म्हणजे मला वर दाद मागता येईल.

आणि एका रविवारी दुपारी, उपासनेनंतर, ह्या विषयावर सगळ्या मंडळीसमोर उघड अभ्यास ठेवा. मी येईन, वचनं घेऊन येईन, चुकत असेन तर समजावून सांगा, मी ऐकून घेईन. तरुण पोरांना बोलू द्या, ते हे प्रश्न आपल्याला विचारत नाहीत, मोबाइलला विचारतात.

त्या बंधूंनी माफी मागावी असं मी म्हणत नाही, त्यांचा माझा परिचय नाही. पाळक साहेब, तुम्ही मात्र एकदा माझ्याबरोबर मामाच्या गावाला या. माफी वगैरे नको, त्याने मला जे विचारलं त्याचं उत्तर तुम्ही द्या, बाजेवर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून. मी मोटारसायकलवर घेऊन जातो, पाऊण तासाचा रस्ता आहे.

मंडळी सोडायचा माझा विचार नाही. वडील तिथे आहेत, मी बी तिथेच जाणार. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन आहे, पेल्यांचं आता कोण बघतं माहीत नाही, मागच्या वेळी माझ्या पेल्याला तंतू होता. आईचा तो मलमलचा तुकडा घरी आहे, धुऊन ठेवलाय, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.

पाथरवटाला ॲडव्हान्स दिलेला आहे. तो म्हणतो पावसाळ्याच्या आधी सांगा, नंतर दगड ओला राहतो आणि अक्षर नीट बसत नाही. मे अखेरपर्यंत तुमच्या उत्तराची वाट बघतो.

आपला विश्वासू,
मंडळीचा एक सभासद, शेवटून तिसरा बाक